विहाराच्या वाचनालयासाठी आपले वेब अ‍ॅप : फ्लास्क शिकूया, नोंदी आपल्या हाती ठेवूया

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलेल्या घरात पुस्तकांची एक पिशवी असतेच. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्यांचेही तेच. वाचून झालेली ही पुस्तके बरेचदा वस्तीतल्या विहाराच्या कपाटात येतात. कपाट भरते, पुस्तके बाहेर जातात, काही परत येत नाहीत. वहीत नोंद असते ती एवढीच : ‘खंड ३, भाऊने नेला.’ भाऊ कोण, हे फक्त वही लिहिणाऱ्याला माहीत. आणि तो आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेला.

मग एखादा उत्साही कार्यकर्ता ऑनलाइन फॉर्म तयार करतो. नाव, मोबाईल, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, पोटजात, सगळे विचारतो. उत्तरांच्या तक्त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला वस्तीतल्या प्रत्येक मुलीचा मोबाईल नंबर दिसतो. वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण आपल्या माणसांची माहिती गोळा करताना तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

या लेखात वाचनालयाचे छोटे वेब अ‍ॅप फ्लास्क या हलक्या फ्रेमवर्कवर कसे उभे करायचे ते पाहू. पायथनची तोंडओळख असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे जमण्यासारखे आहे. कोड लिहिणे हा यातला सोपा भाग आहे. आपल्या लोकांबद्दल काय लिहून ठेवायचे, काय नाही आणि ते कोणी पाहायचे, हे ठरवणे अवघड आहे. तेही सोबतच शिकायचे आहे.

अ‍ॅप खरेच हवे का?

शंभर पुस्तके आणि एकच ग्रंथपाल असेल तर वहीच बरी. वहीला वीज लागत नाही. अ‍ॅपची गरज तीन वेळी पडते. दोन-तीन जण आळीपाळीने नोंदी करत असतील तेव्हा, ‘अमुक पुस्तक आहे का’ हे घरबसल्या पाहायचे असेल तेव्हा, आणि कोणाला काय दिसावे यात फरक करायचा असेल तेव्हा. पुस्तकांची यादी सर्वांना दिसावी, पण कोणी काय नेले ते फक्त ग्रंथपालाला दिसावे, ही तिसरी गरज वहीने किंवा सामायिक तक्त्याने नीट भागत नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

आपण मोबाईलच्या ब्राउझरमध्ये एखादा पत्ता टाकतो, तेव्हा ब्राउझर दूरच्या संगणकाकडे एक विनंती पाठवतो. तो संगणक उत्तर म्हणून पान पाठवतो. वेब अ‍ॅप म्हणजे अशा विनंत्या ऐकून उत्तरे तयार करणारा प्रोग्राम. विनंती समजून घेणे, पत्ता ओळखणे, उत्तर योग्य साच्यात बांधणे ही कामे प्रत्येक अ‍ॅपमध्ये सारखीच असतात. ती आधीच करून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क.

पायथनमध्ये जँगो हे मोठे फ्रेमवर्क आहे. त्यात लॉगिन, प्रशासनाचे पान, डेटाबेसची व्यवस्था असे बरेच काही तयार मिळते. फ्लास्क त्याच्या उलट आहे. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियन प्रोग्रामरने ते २०१० साली पुढे आणले. गाभा अगदी छोटा, बाकी सगळे आपण निवडायचे. शिकणाऱ्यासाठी याचा फायदा असा, की अ‍ॅपमध्ये जे आहे ते आपण स्वतः ठेवलेले असते. सभासदाच्या तक्त्यात एखादा रकाना असेल, तर तो का आहे याचे उत्तर आपल्याकडेच असते.

फ्लास्क मोफत आहे आणि त्याचा मूळ कोड कोणालाही उघडून वाचता येतो. धम्माला आपण ‘एहिपस्सिक’ म्हणतो, ये आणि स्वतः पाहा. आपल्या समाजाच्या नोंदी ज्या साधनावर ठेवायच्या त्यालाही हीच कसोटी लावलेली बरी.

पहिली पायरी : तयारी

साधा लॅपटॉप पुरतो. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथन घ्या. विंडोजवर इन्स्टॉल करताना पायथन ‘पाथ’मध्ये जोडण्याची चौकट आठवणीने टिकमार्क करा. ती राहिली की टर्मिनल पायथनला ओळखत नाही आणि नवशिका पहिल्याच पायरीवर थांबतो.

आता एक फोल्डर करा. त्यात पायथनच्या ‘व्हेन्व’ या सोयीने आभासी वातावरण तयार करा. म्हणजे या प्रकल्पासाठी लागणारी साधने याच फोल्डरात राहतात, बाकीच्या कामांत मिसळत नाहीत. ते वातावरण सुरू करून ‘पिप इन्स्टॉल फ्लास्क’ ही आज्ञा द्या. आज्ञा आणि कोड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे असतात. नेमके स्पेलिंग फ्लास्कच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ‘क्विकस्टार्ट’ या पानावर आहे. ते पान शेजारी उघडे ठेवून हा लेख वाचा.

त्या पानावरचा पहिला प्रोग्राम पाच ओळींचा आहे. पहिली ओळ फ्लास्क आत आणते. दुसरी ओळ आपले अ‍ॅप तयार करते. तिसऱ्या ओळीत ‘राउट’ असतो, म्हणजे कोणत्या पत्त्यावर आलेली विनंती कोणाकडे द्यायची ते. चौथ्या ओळीपासून एक फंक्शन सुरू होते आणि पाचवी ओळ उत्तर परत पाठवते. त्या उत्तराच्या जागी मराठीत ‘जयभीम’ लिहा, फाइल ‘अ‍ॅप’ या नावाने साठवा आणि ‘फ्लास्क रन’ ही आज्ञा द्या. टर्मिनलमध्ये एक पत्ता दिसेल, त्याच्या शेवटी ५००० हा पोर्ट क्रमांक असेल. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की ‘जयभीम’ दिसेल.

फाइलला ‘फ्लास्क’ हेच नाव मात्र देऊ नका. पायथन खऱ्या फ्लास्कऐवजी तुमचीच फाइल आत आणू पाहतो आणि सगळे अडते.

दुसरी पायरी : चार पाने

आपल्या अ‍ॅपला सुरुवातीला चारच पाने पुरतात. पुस्तकांची यादी व शोध, ग्रंथपालाचे लॉगिन, पुस्तक देण्याचे पान आणि परत घेण्याचे पान. प्रत्येक पानासाठी एक राउट आणि एक फंक्शन.

पानाची मांडणी कोडमध्ये कोंबायची नाही. ‘टेम्प्लेट्स’ नावाच्या फोल्डरात वेगळ्या एचटीएमएल फाइली ठेवायच्या. फ्लास्क ‘जिन्जा’ या साधनाने त्या फाइलींतील रिकाम्या जागा भरते. पुस्तकाचे नाव येथे, लेखक तेथे, आणि यादी असेल तर तीच ओळ पुन्हा पुन्हा. वरचा मथळा आणि खालची ओळ सर्व पानांना सारखी असेल तर ती एकदाच मूळ टेम्प्लेटमध्ये लिहा.

येथे नवशिक्यांना हमखास एक अडचण येते. फॉर्म भरून बटण दाबले की ‘मेथड नॉट अलाउड’ असा संदेश येतो. कारण साधे आहे. राउट मुळात फक्त पान मागणारी विनंती स्वीकारतो, तिला ‘गेट’ म्हणतात. फॉर्म ज्या विनंतीने माहिती पाठवतो ती ‘पोस्ट’. ती स्वीकारायची आहे, हे राउटला स्पष्ट सांगावे लागते. आणि नोंद झाल्यावर वापरणाऱ्याला दुसऱ्या पानावर पाठवा. नाहीतर त्याने पान रिफ्रेश केले की तेच पुस्तक दोनदा दिल्याची नोंद होते.

तिसरी पायरी : माहिती कोठे ठेवायची

यासाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस घ्या. तो पायथनसोबतच येतो, वेगळा सर्व्हर लागत नाही, आणि सगळी माहिती एका फाइलीत राहते. तुमच्या मोबाईलमधली कितीतरी अ‍ॅप्स हाच डेटाबेस वापरतात.

तीन तक्ते करा : पुस्तके, सभासद आणि देवघेव.

पुस्तकांच्या तक्त्यात नाव आणि लेखक एवढेच रकाने पुरणार नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचेच उदाहरण घ्या. सर्व खंडांचे मुख्य नाव एकच. त्यातला १८ वा खंड, ज्यात बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत, तो तीन भागांत आहे. म्हणून ‘खंड’ आणि ‘भाग’ हे वेगळे रकाने हवेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ कपाटात निरनिराळ्या प्रकाशकांचा सापडेल, म्हणून ‘प्रकाशक’ आणि ‘आवृत्ती’ हवे. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक द्या आणि तोच पुस्तकाच्या आतल्या पानावर पेनाने लिहा.

देवघेवीत प्रत क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची अपेक्षित तारीख आणि परत आल्याची तारीख. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा खास प्रकार नाही. म्हणून तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने साठवा, म्हणजे क्रमवारी बरोबर लागते. पडद्यावर दाखवताना मात्र आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी दाखवा.

मराठी मजकुराचे तीन खड्डे

इंग्रजी धड्यांत हे सापडत नाही, म्हणून नीट लक्ष द्या.

पहिला खड्डा जुन्या फॉन्टचा. विहाराची पुस्तकयादी पूर्वी एखाद्या डीटीपी केंद्रातून टाइप करून घेतली असेल तर ती बहुधा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये असते. तो युनिकोड नव्हे. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे व चिन्हे. ती यादी तशीच डेटाबेसमध्ये घातली तर वेबवर निरर्थक अक्षरे दिसतील. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रूपांतरित यादी माणसाने एकदा वाचून तपासा.

दुसरा खड्डा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ‘बुद्ध’ हा शब्द कितीतरी फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ‘बुध्द’ असा लिहिलेला असतो. तसेच ‘बौध्द’, ‘सिध्दार्थ’. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण संगणकासाठी एकात ‘द’ आधी आणि ‘ध’ नंतर, दुसऱ्यात उलट. हे दोन वेगळे शब्द आहेत. कोणी ‘बुध्द’ टाइप करून शोधले तर कपाटातले ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ अ‍ॅपला सापडणार नाही. बौद्ध विहाराच्या वाचनालयात ‘बुद्ध’ सापडू नये, ही वेळ आपल्यावर येऊ नये.

तिसरा खड्डा ‘आंबेडकर’ या नावात. काही कीबोर्डवर ‘आ’ हे एक अक्षर न टाकता ‘अ’ आणि काना असे दोन तुकडे टाकले जातात. दिसायला जवळपास सारखेच, शोधायला वेगळे.

उपाय छोटा आहे. पुस्तकांच्या तक्त्यात ‘शोधनाव’ असा एक जादा रकाना ठेवा. नोंद करताना पुस्तकाचे नाव एका छोट्या फंक्शनमधून जाऊ द्या. ते ‘ध्द’ दिसले की ‘द्ध’ करेल, ‘अ’ आणि काना दिसला की ‘आ’ करेल, दोन शब्दांमधली जादा जागा काढून टाकेल. शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून न्या. आठवड्यात जे शब्द शोधूनही सापडले नाहीत, ते पाहून फंक्शनमध्ये भर घाला. शब्दच पाहा, कोणी शोधले ते नको.

काय लिहायचे नाही

सभासदांच्या तक्त्यात नाव, मोबाईल आणि सभासद क्रमांक. बस. आधार क्रमांक, जन्मतारीख, जात, पोटजात, घरातली मिळकत यांचा पुस्तक देण्याशी काही संबंध नाही. ‘पुढे कधी उपयोगी पडेल’ म्हणून घेतलेली माहिती बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही. फुटली तर मात्र त्रास त्या माणसाला होतो. भाड्याने घर शोधताना, नोकरीत, महाविद्यालयात आपल्या मुलांना आडनावावरून कोण कोण जोखते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपणच त्यांच्या याद्या उघड्यावर ठेवू नयेत.

कोणी कोणते पुस्तक वाचले, हीसुद्धा खासगी बाब आहे. म्हणून पुस्तक परत आले की त्या देवघेवीतील सभासद क्रमांक पुसून टाका. पुस्तक किती वेळा बाहेर गेले हा आकडा राहील, वाचणाऱ्याचे नाव राहणार नाही. हे फ्लास्कमध्ये एका ओळीचे काम आहे. पण ती ओळ लिहायची, हे समितीने बसून ठरवावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याचा आधार संविधानातील अनुच्छेद २१. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती कशासाठी घेतो ते सांगून, संमतीने, गरजेपुरतीच घ्यावी, हा त्याचा रोख आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला हा कायदा बालक मानतो आणि तिच्या बाबतीत पालकांची संमती लागते. वाचनालयात शाळकरी मुले असणारच, तेव्हा त्यांच्या नोंदीसाठी पालकांचा होकार घ्या. मोबाईल नंबरही पालकांचाच ठेवा.

चार सुरक्षा-नियम

एक. वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत थेट जोडू नका. आज्ञेत प्रश्नचिन्ह ठेवा आणि मजकूर वेगळा द्या. नाहीतर कोणी शोधाच्या चौकटीत खोडसाळ आज्ञा लिहून सगळी यादी काढून घेऊ शकतो.

दोन. ग्रंथपालाचा पासवर्ड जसाच्या तसा साठवू नका. फ्लास्कसोबत येणाऱ्या ‘वर्कझॉइग’ या साधनात पासवर्डचा ‘हॅश’ करणारे आणि तो पडताळणारे फंक्शन तयार आहे. त्यामुळे फाइल कोणाच्या हाती लागली तरी मूळ पासवर्ड लिहिलेला सापडत नाही.

तीन. लॉगिनसाठी फ्लास्कला एक ‘सिक्रेट की’ लागते. ती लांब आणि यादृच्छिक असावी. कोड इंटरनेटवर ठेवताना ती कोडमध्ये राहू देऊ नका. धड्यातली नमुना की तशीच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावर टांगणे.

चार. शिकताना ‘डीबग मोड’ सोयीचा असतो, कारण चूक कोठे झाली ते पडद्यावर दिसते. लोकांसाठी अ‍ॅप उघडण्यापूर्वी तो बंद करा. तो चालू राहिला तर बाहेरचा माणूस तुमच्या संगणकावर स्वतःचा कोड चालवू शकतो.

चालवायचे कोठे?

सुरुवात विहारातल्या लॅपटॉपवरच करा. त्याच वायफायवर असलेल्या मोबाईलवरून अ‍ॅप उघडता यावे, यासाठी ‘फ्लास्क रन’ आज्ञेला ‘होस्ट’चा पर्याय द्यावा लागतो. दोन-तीन रविवार असेच चालवा. नोंदी करणाऱ्या ताईंना, आजोबांना कोठे अडते ते शेजारी बसून पाहा. बटणावरचा शब्द त्यांना कळला नाही तर शब्द बदला.

नंतर यादी इंटरनेटवर ठेवायची असेल तर फ्लास्कचा अंगचा सर्व्हर वापरू नका, तो फक्त शिकण्यापुरता आहे. ‘वेट्रेस’ किंवा ‘गुनिकॉर्न’ यांसारखा सर्व्हर घ्या आणि पत्ता ‘एचटीटीपीएस’चाच ठेवा. आणखी सोपा मार्ग म्हणजे फक्त पुस्तकांची यादी इंटरनेटवर ठेवा, सभासद आणि देवघेव विहारातल्या लॅपटॉपवरच राहू द्या.

दर रविवारी अ‍ॅप बंद करून डेटाबेसच्या फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कुलपात ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत उघडते का, हे तपासा.

शेवटचा नियम : दोघांना आले पाहिजे

वहीचे जे झाले तेच अ‍ॅपचेही होऊ शकते. बनवणारा मुलगा नोकरीला गेला, पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, आणि अ‍ॅप बंद पडले. म्हणून पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून काम करा. त्यातली एक मुलगी असेल तर उत्तमच. अ‍ॅप कसे सुरू करायचे, प्रत कशी घ्यायची, नवा ग्रंथपाल कसा नेमायचा, हे एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. आपले म्हणणे दुसऱ्याच्या छापखान्याच्या मेहेरबानीवर राहू नये, यासाठी चळवळीने स्वतःचा छापखानाही उभा केला. तेव्हा खिळे जुळवणारे, मुद्रिते तपासणारे, अंक बांधणारे हात लागले. आज त्या हातांत लॅपटॉप आहे. चार पानांचे अ‍ॅप ही फार मोठी गोष्ट नाही. पण आपल्या नोंदी आपण ठेवतो, त्या कशा ठेवतो हे आपल्याला कळते, आणि ज्याची नोंद आहे त्याने विचारले तर आपण उत्तर देऊ शकतो, एवढे त्यातून साधते.

येत्या रविवारी वंदनेनंतर कपाट उघडा, पुस्तके मोजा आणि पहिल्या प्रतीवर क्रमांक टाका. पाच ओळींचा कोड त्याच दुपारी लिहून होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!